आतलं इंजिन की ओबीएम? २२ फुटी होडीच्या नोंदी

३१ मे

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. एरवी होड्या वर काढायचं काम रमतगमत चालतं, यंदा सगळ्यांची एकदम झुंबड. आमची शिडाची होडी काल दारुखान्याकडच्या एका यार्डात लाकडी ठोकळ्यांवर बसली. ताडपत्री टाकली, बॅटरी घरी आणली.

इंजिन मात्र गेलं. सिंगल सिलिंडर डिझेल, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. अशी इंजिनं आतून गंजूनच संपतात. डिपस्टिकवर तेल दुधाळ येतंय, म्हणजे पाणी तेलात उतरतंय. मिस्त्रीने हेड उघडून दाखवलं. पाण्याची वाट एक्झॉस्टला वळसा घालते तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं की बिडाचे पापुद्रे सुटतात. ब्लॉकचीही तीच गत. "साहेब, याच्यात पैसे घालू नका," एवढं बोलून तो फडक्याला हात पुसत दुसऱ्या होडीकडे गेला.

चार महिने हातात आहेत. पोटात पुन्हा डिझेल बसवायचं की मागच्या फळीवर ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन, टांगायचं, हे तेवढ्यात ठरवून कामही उरकायचं. आम्ही भागीदार तिघे. काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते, पेट्रोलला ते इंधनच मानत नाहीत. मेहुण्याला कमीत कमी कटकट हवी. मी मधला.

७ जून

काकांकडे बैठक. चहा यायच्या आत गाडी 'किती घोडे (हॉर्सपॉवर)?' वर आली. मी म्हटलं, आधी इंजिन कशासाठी हवंय ते ठरवू. होडी शिडाची आहे. मुरिंग (होडी बांधून ठेवायची पाण्यातली जागा) सोडताना-धरताना आणि वारा पडल्यावर कुठलंही इंजिन चालेल. खरी परीक्षा एकच: उधाणाच्या दिवशी संध्याकाळच्या आत मांडव्याहून गेटवेला परत येणं.

कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे मुंबईत उधाणाची भरती कायम दुपारच्या आसपास, आणि मग अख्खी दुपार ओहोटी. बंदरातलं पाणी दक्षिणेकडे बाहेर धावत असतं तेव्हाच आपण उत्तरेकडे घरी निघालेलो असतो. (साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी महापालिका दर पावसाळ्यात काढते, ती हिंदमाताला पाणी भरेल का म्हणून सगळे बघतात. ओहोटीची वेळ बघणारे आम्ही मूठभर.) भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत उलट, दुपारी भरती असते, जोर कमी असला तरी आपल्या बाजूने.

आता आकडे. मांडवा ते गेटवे सरळ रेषेत साधारण साडेसात सागरी मैल. उधाणाला ओहोटीचा ओढ दोन नॉट (ताशी दोन सागरी मैल) धरू. पाण्यातून पाच नॉट मिळाले तर जमिनीवर तीन उरतात, अडीच तासांत घरी. चारच मिळाले तर दोन उरतात, पावणेचार तास, म्हणजे अंधार. पाण्यातला एक नॉट कमी झाला की घरी पोचायला सव्वा तास जास्त.

वरची मर्यादाही आहेच. अशा होडीचा वेग पाण्यातल्या लांबीला बांधलेला: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. आमची लांबी १८ फूट, म्हणून ५.७ नॉट. त्यापुढे कितीही घोडे जुंपा, मागची बाजू खाली बसते, लाट मोठी होते आणि पेट्रोल जळतं. म्हणजे शांत पाण्यात नव्हे, समोरून लाटा घेत पाच नॉट देणारं इंजिन हवं. हे वाक्य काकांनी वहीत लिहून खाली रेघ मारली.

१५ जून

डिझेलची बाजू. काकांच्या ओळखीतून एक वापरलेलं यानमार १जीएम१० मिळतंय: ३१८ सीसी, ९ घोडे, वजन ७६ किलो. आमच्या होडीसाठीच बनवल्यासारखं. पंखा (प्रोपेलर) कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, मागे खोल पाण्यात, लाटेत होडी कितीही डुलली तरी हवेत येत नाही. वजन होडीच्या मधोमध. ताशी लिटर-सव्वा लिटरमध्ये काम भागतं. अल्टरनेटरमुळे बॅटरीची चिंता नाही. आणि काकांचा हुकमी एक्का: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळात साचून राहते, ठिणगीची वाट बघत. डिझेल त्या मानाने साधूसंत.

दुसऱ्या बाजूला खर्च. इंजिन एकवेळ परवडेल, पण जुना शाफ्ट खड्डे पडलेला, त्याची नळी, ग्लँड, माउंटिंग, एक्झॉस्टचं मफलर सगळं नवं. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फिलर गेजने मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत जुळणी आणायची, आणि होडी पाण्यात गेल्यावर फायबरचा सांगाडा थोडा आकार बदलतो म्हणून पुन्हा तपासायची. जो करतो त्याला यात मजा येते. काकांना येईल. पण काकांचे गुडघे इंजिनाच्या खणात आता वाकत नाहीत आणि आम्हा दोघांना ते काम येत नाही.

बाजारात लाइफबोटीतली डिझेलंही दिसली. मोडीत निघालेल्या जहाजांतून आलेली, चांगली राखलेली, २५-३० घोड्यांची. मेहुणा भाव विचारायला लागला. वजन ऐकून परत आला.

२२ जून

ओबीएमची बाजू समजून घेताना एक गोष्ट हाती लागली जी दुकानदार सांगत नाहीत. यानमार ३६०० फेऱ्यांवर चालतं, २.६२ च्या गिअरमधून पंखा मिनिटाला साधारण १३७० फेऱ्या घेतो. सहा घोड्यांचं ओबीएम साडेपाच हजारांच्या आसपास फिरतं, गिअर २.१५, म्हणजे पंखा अडीच हजारांच्या वर, आणि आकाराने लहान. हलक्या डिंगीला पळवायला ते उत्तम. जड, सावकाश होडी ढकलायला पंखा मोठा आणि संथ हवा, नाहीतर तो पाणी नुसतं घुसळतो.

म्हणूनच कंपन्या शिडाच्या होड्यांसाठी वेगळी मॉडेलं काढतात. यामाहाच्या साध्या ९.९ ला गिअर २.०८, त्याच्याच हाय थ्रस्ट भावाला २.९२ आणि पंखाही मोठा. घोडे तेच. तोहात्सूच्या सहा घोड्यांच्या सेल प्रोला २५ इंची शाफ्ट (इंजिनाचा पाण्यात जाणारा पाय), कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे सरकणारा, पंखा आणि बॅटरीसाठी पाच अँपिअरचं चार्जिंग.

किती घोडे याचं उत्तर काकांच्या ठोकताळ्यात आहे: टनाला चार. रिकामी होडी १३०० किलो, माणसं-सामान धरून सोळाशे. सहा-साडेसहा झाले. हाय थ्रस्टवाली मोठी इंजिनं चाळीस किलोच्या बरीच वर जातात. २२ फुटी होडीच्या शेपटीला तेवढं वजन नको, आणि ते डिंगीतून होडीवर चढवणार कोण? सहाचं २८ किलोत बसतं.

२९ जून

मासेमारीची बंदी चालू आहे, त्यामुळे शेजारच्या बोटीवरचे नाखवा दिवसभर यार्डातच असतात. जाळी विणणं, रंग, गप्पा. त्यांच्या बोटीत सहा सिलिंडरचं लेलँड. त्यांना आमचा वाद करमणुकीचा वाटतो, पण आज त्यांनीच मुद्दा घातला.

"बाबू, पंख्यात पिशवी अडकली तर काय करशील?"

पाण्यात उतरेन, म्हटलं.

"कुठे? गेटवेसमोर? स्वतःचा हात दिसतो का तिथे?"

दिसत नाही. बंदराच्या पाण्यात गाळ इतका की कोपराखालचा हात गायब होतो, वर ओहोटीचा ओढ. पोत्याचा तुकडा, तुटक्या जाळ्याची दोरी, प्लास्टिक, पावसाळ्यानंतर तर विचारूच नका. त्यांच्याकडे पंख्याखाली जाणारी पोरं आहेत, आणि तरी कधी कधी ओढून आणायला दुसरी बोट बोलवावी लागते. ओबीएम असेल तर बंद करायचं, वर उचलायचं, कोयत्याने कापायचं, पुन्हा खाली. काकांनी यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "शाफ्टवर दोरी कापणारं पातं बसवता येतं." येतं. पिशवीवर ते फारसं चालत नाही.

६ जुलै

ओबीएमच्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा पेट्रोल पंपावरच उभा आहे. आता मिळतं ते ई२०, वीस टक्के इथेनॉल. ओबीएमच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं जास्तीत जास्त दहा टक्के. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईची हवा, त्यात समुद्रावरची टाकी. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो, आणि नळी तळातूनच ओढते. कार्ब्युरेटरचं बारीक जेट चिकट होतं, जुने रबरी भाग फुगतात.

हे टाळता येत नाही, सांभाळून घेता येतं. टाकीत थोडंच, ताजं पेट्रोल ठेवायचं. महिनाभर पडलेलं स्कूटरमध्ये ओतायचं. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर. परतल्यावर मुरिंगवर इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा. रबरी नळी इथेनॉल चालणारीच. आणायला पत्र्याचा कॅन. प्लास्टिकच्या डब्यात पंपवाले देत नाहीत आणि योग्यच करतात. घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, आमची टाकी १२ ची.

काका: "म्हणजे दर आठवड्याला इंजिनाची आंघोळ आणि उपास." बरोबर आहे.

बॅटरीवरच्या मोटरचाही विषय निघाला. ओहोटीविरुद्ध अडीच तास, दोन किलोवॅट धरले तर पाच युनिट वीज, आणि मुरिंगवर चार्जिंगचं बटण नाही. विषय मिटला.

१३ जुलै

आज पाऊस थोडा थांबला म्हणून मोजमाप केलं. सगळा निकाल यावर आहे, तेव्हा सविस्तर.

फळीवर ब्रॅकेट बसवलं तर त्याच्या खालच्या खाचेत इंजिनाची बैठक पाण्याच्या रेषेपासून ३८ सेंटिमीटर वर येते. रेषा जुन्या शेवाळाच्या पट्ट्यावरून धरली, लेव्हल ट्यूबने दोन्ही बाजूंना तपासली. २० इंची, म्हणजे लाँग शाफ्ट ५१ सेंटिमीटर. पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली फक्त १३ सेंटिमीटर राहते. रो-रो फेरीबोटीच्या लाटेवर मागची बाजू सहज तीस सेंटिमीटर उचलली जाते, म्हणजे पंखा हवा खाणार, इंजिन किंचाळणार, होडी थांबणार. २५ इंची शाफ्ट ६३ पूर्णांक ५. पट्टी २५ सेंटिमीटर खाली, आणि पंखा त्याहून खाली. पाच इंचांत हवा खाणारं इंजिन आणि ढकलणारं इंजिन वेगळं होतं.

ब्रॅकेट डाव्या बाजूला की उजव्या? परतीच्या वाटेवरून ठरवलं. दुपारचा खारा वारा वायव्येचा. मांडव्याहून गेटवे साधारण उत्तर-वायव्य, थेट वाऱ्यात घुसता येत नाही. लांब टप्पा डाव्या गालावर (पुढून डावीकडून) वारा घेऊन उत्तरेकडे मारावा लागतो. होडी उजवीकडे कलते, डावी बाजू उचलली जाते. डावीकडे इंजिन असतं तर नेमकं गरजेच्या वेळी पाण्याबाहेर. म्हणून उजवीकडे.

२० जुलै

ठरलं: सहा घोडे, फोर स्ट्रोक, २५ इंची शाफ्ट, कमी पिचचा पंखा. मत दोन विरुद्ध एक असं झालं नाही. काकांनीच शेवटी सांगितलं की ३० फुटी होडी असती, किंवा प्राँग्जच्या दीपगृहाबाहेर जाऊन रत्नागिरीपर्यंत खाली उतरायचं असतं, तर ते डिझेलवर अडून बसले असते. बंदराच्या आत, पावसाळ्यात चार महिने वर बसणाऱ्या, तळात वाकायला माणूस नसलेल्या होडीला ओबीएम. मला हे पटतं. खुल्या समुद्राच्या लांब लाटेत मी आजही पोटातलंच इंजिन निवडेन.

१० ऑगस्ट

जुनं इंजिन निघालं. चेन पुली डोलकाठीच्या पायथ्याशी नाही, यार्डाच्या घोडीला अडकवली. काट्यावर गिअरसकट ९२ किलो. शाफ्ट, मफलर, डिझेलची टाकी धरून सव्वाशेच्या वर वजन होडीच्या पोटातून कमी झालं. बीड भंगारात किलोवर गेलं. गनमेटलच्या पंख्याला मात्र भंगारवाल्याने तासून बघून वेगळा भाव दिला.

खण रिकामा झाल्यावर होडीतला वास गेला. डिझेल, जुनं तेल आणि खारं पाणी यांचा तो वास बायकोच्या मते माझ्या कपड्यांना वर्षानुवर्षं येत होता.

२४ ऑगस्ट

शाफ्टचं भोक, एक्झॉस्टचं भोक, पाणी घेणारा कॉक, तिन्ही बंद केले. भोकाभोवती फायबर बारा पट उतरतं घासायचं, मग इपॉक्सी आणि कापडाचे थर, आतून आणि बाहेरून. दमट हवेत पहिला थर तेलकट राहिला, तो धुऊन, घासून पुढचा दिला. पाण्यात ओढल्या जाणाऱ्या शाफ्टची आणि पंख्याची फरपट गेली, त्याचा फायदा शिडावर चालताना होईल.

आता गणपती. मिस्त्री गावाला, यार्ड सुनसान.

१४ सप्टेंबर

ब्रॅकेट लागलं. फळीच्या आत आधी होती ती प्लायची पट्टी ओली निघाली, हातोडीने ठोकलं तर टणटण ऐवजी धप्प. तेवढा भाग कापून आयएस ७१० ची मरीन प्लाय दोन थरांत चिकटवली. बोल्टच्या जागी आधी मोठी भोकं पाडून इपॉक्सीने भरली, मग त्यात बोल्टची भोकं, म्हणजे पाणी गळलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. १० मिलिमीटरचे बोल्ट नागदेवीहून, ३१६ स्टेनलेसचे. आतल्या बाजूला वॉशरऐवजी पट्टी.

बॅटरी आणि जादा साखळी पुढे हलवली, शेपटीवरच्या वजनाचा तोल राखायला.

८ ऑक्टोबर

कृष्ण द्वितीया, भरती दुपारी. होडी पाण्यात. रेषा मागे जरा खाली, पुढे जरा वर. जुन्या पट्ट्यावरून आधी मोजलं होतं त्यात फार फरक नाही. ब्रॅकेटची उंची ३७ सेंटिमीटर निघाली. चालतंय.

सुरुवातीचे तास हळू चालवायचे, पुस्तिकेप्रमाणे. आवाज कानाजवळ, डिझेलपेक्षा बारीक. काका पाठ करून बसले होते.

५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा, चंद्र जवळचा, मोठं उधाण. सुट्टी. यापेक्षा कडक परीक्षा मिळणार नाही.

साडेअकराला भरती फिरली तसे ओहोटीबरोबर शिडावर मांडव्याला उतरलो, भरभर. जेवण होडीवरच. अडीचला परत निघालो, म्हणजे ओढ ऐन जोरात. वारा वायव्येचा आठ-दहा नॉट. मोठं शीड वर, इंजिन पाऊण थ्रॉटलवर, वारा डाव्या गालावर. पाण्यातून ४.९ ते ५.१, जीपीएसवर २.८ ते ३.२. हिशेब जुळला.

संक रॉकच्या दीपगृहाच्या आसपास रो-रो गेली. पहिल्या लाटेला शेपूट उचलली गेली, मी थ्रॉटलवर हात ठेवून होतो. आवाज थोडा चढला आणि उतरला, पंखा पाणी सोडून गेला नाही. दुसऱ्या टप्प्यावर, वारा उजव्या गालावर घेतला तेव्हा उलट. होडी डावीकडे कलली आणि दोनदा पंख्याने हवा खाल्ली. शीड थोडं ढिलं करून होडी सरळ केली की थांबतं. हा टप्पा आखूड ठेवायचा.

एकदा खरंच प्लास्टिक आलं. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार बंद झाली. इंजिन बंद, वर उचललं, पाणी घेणाऱ्या जाळीवर काळी पिशवी चिकटलेली. बोटांनी सोलून काढली. काकांनी तेवढ्या वेळात सुकाणू सांभाळलं आणि पिशवीकडे बघायचं टाळलं.

सव्वापाचला मुरिंग. पेट्रोल साधारण साडेतीन लिटर.

१६ नोव्हेंबर

राहिलेली कामं. इंजिनाची दांडी आणि सुकाणूची दांडी एकमेकांना लागतात, दांडीला लांबवणारा जोड करून घ्यायचा. इंजिन वर उचलायला फळीवरून ओणवं व्हावं लागतं, काकांसाठी दोरी-कप्पी लावायची. कुलूप लावलंय, पण साखळीही हवी. झिंकचा अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) जानेवारीत काढून वजन करायचं. बंदरात किती झिजतो यावर पुढचे किती आणून ठेवायचे ते ठरेल. गिअरचं तेल पहिल्यांदा बदललं, स्वच्छ निघालं.

मे महिन्यात इंजिन दादरच्या घरी गॅलरीत येणार. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे केल्याशिवाय लिफ्टमध्ये न्यायचं नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तसा शब्द दिलाय. त्यांनी तो लेखी मागितला आहे.